टेलकोटाखालचं पांढरं जाकीट शिवून घ्यायचंय : मास्तरांना नेमकं काय सांगू?

दूरदेशी

नमस्कार मंडळी. विषय जरा हौशी आहे, पण इथं शिवणकामातले जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

मी व्हिएन्नात असतो. इथं हिवाळा म्हणजे बॉलचा, नाचाच्या समारंभांचा मोसम. 11 नोव्हेंबरला मुहूर्त होतो आणि ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) आदल्या दिवसापर्यंत नाचगाणी चालतात. डॉक्टरांचा बॉल, कॉफीहाउसवाल्यांचा बॉल, टेक्निकल युनिव्हर्सिटीचा बॉल, अगदी ज्याचा त्याचा. तिथं टक्सिडोवर, म्हणजे शेपटी नसलेल्या काळ्या सूटवर भागतं. यंदा मात्र बायकोच्या ऑफिसकडून ऑपेरा बॉलची तिकिटं हाती आली आहेत आणि तिथं पुरुषांना 'फ्राक' सक्तीचा, म्हणजे टेलकोट (पुढून आखूड, मागे शेपटी असलेला कोट), पांढरा बो आणि पांढरं वेस्टकोट, म्हणजे आपलं बिनबाह्यांचं जाकीट.

कोट-पँटचा जोड जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळाला. माझ्यासाठीच शिवल्यासारखा बसतो. शर्टही मिळाला. अडलंय ते जाकिटावर. भाड्यानं मिळणारी दोन-तीन घालून पाहिली. सगळी इलॅस्टिकची, आणि कोटाखालून खाली बोटभर लोंबतात. दिवाळीत पुण्याला येतोय. बाबांचे सफारी ज्या मास्तरांनी शिवले ते अजून दुकानात बसतात, हात उत्तम आहे. पण त्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही. त्यांना काय सांगायचं, कापड कुठलं न्यायचं, मापं कशी द्यायची?

नकोरेबाप्पा

सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा! दिवाळीत टाकलेलं जाकीट तुला शिमग्याला मिळेल. मुकाट्यानं भाड्याचं घाल. एका रात्रीचा प्रश्न आहे, कोण बघतंय पोटाकडे?

थेम्सकाठी

बाप्पा, या पोशाखात सगळे पोटाकडेच बघतात. काळा कोट, काळी पँट आणि मध्ये पांढऱ्याचा एवढाच तुकडा. तो कोटाच्या टोकाखाली आला की फोटोत पहिल्यांदा तेच दिसतं. जुने फोटो आणि हल्लीचे फोटो शेजारी ठेवून बघा, फरक तिथंच आहे.

दूरदेशी, तुमच्या यादीत भर. वेस्टकोट शर्टाच्या छातीसारख्याच मार्सेला कापडाचं (जाड, उठावाच्या नक्षीचं सुती) हवं, बो पण त्याचाच. गळा खूप खोल, बटणं तीन किंवा चार आणि तीही जवळजवळ. गळ्याची दुमडलेली कड (लेपल) टोकदार किंवा शॉलसारखी गोल, दोन्ही चालतं. मागे पाठच नसते, मानेमागून एक पट्टी आणि कमरेला बक्कलचा पट्टा. ही बिनपाठीची टूम पसरवण्याचं श्रेय सहसा ड्यूक ऑफ विंडसरला, म्हणजे गादी सोडलेल्या आठव्या एडवर्डला देतात. त्यांना उकाडा आणि खळ दोन्हींचा तिटकारा होता म्हणे.

आणि चुकूनही काळं वेस्टकोट शिवू नका. काळ्या बोबरोबर ते टक्सिडोखाली शोभतं. टेलकोटाखाली काळं घालण्याची रीत पूर्वी वाढप्यांची आणि बटलरची. कुणीतरी तुमच्याकडे शँपेन मागेल.

आसनमास्तर

दूरदेशी, माझे वडील कटिंग मास्तर, मी सांगलीला शिवणाचं दुकान चालवतो. बाप्पांच्या म्हणीवर नंतर बोलतो. टेलकोट मी एकदाच शिवलाय, एका ब्रास बँडच्या मास्तरसाठी. जाकिटं मात्र गठ्ठ्यानं शिवलीत. निवडणूक लागली की खादीची, लिननची, विचारू नका.

पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका. हे जाकीट एकटं शिवायला टाकू नका. कोट, पँट, शर्ट, तिन्ही घेऊन दुकानात जा. नेत्याच्या जाकिटाची उंची आम्ही माणूस बघून ठरवतो. या जाकिटाची उंची माणसावर नाही, वरच्या कोटावर आणि खालच्या पँटवर ठरते. कोटाचं पुढचं टोक संपतं त्याच्या वर अर्धा इंच जाकीट संपलं पाहिजे, आणि तरी पँटची कमरेची पट्टी झाकून वर इंचभर चढलेलं असलं पाहिजे. ही दोन्ही कामं एकदम होण्यासाठी पँटला आसन, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतची उंची, भरपूर हवं. हल्लीच्या पँटी बेंबीखाली चार बोटं बसतात. त्यावर तुम्ही जगातला कुठलाही कारागीर आणा, एक तर मध्ये शर्टाची पट्टी दिसणार, नाहीतर जाकीट कोटाखाली लोंबणार. भाड्याचं लोंबतं त्याचं कारण हेच. ती कमी आसनाच्या पँटींना पुरावी म्हणून मुद्दाम लांब शिवलेली असतात.

तेव्हा आधी पँट बघा. जुनी असेल तर आसन मोठं असणार. पट्टा न लावता गॅलिसवर (खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांवर) घाला आणि बेंबीपर्यंत वर घ्या. मग कोट चढवा, त्याची बटणं लावायची नसतातच, नुसता अंगावर सोडा. आता मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून पुढं कोटाच्या टोकापर्यंत टेप धरायला सांगा. त्यातून अर्धा इंच वजा. तेवढी पुढची उंची. छातीचं माप शर्टावरून, कोटावरून नाही. बसून पण माप घ्या. जेवायला बसल्यावर जाकिटाचं टोक मांडीवर टेकून वर उचललं जातं, तेवढ्यासाठी खालचं टोक फार लांब करू नका.

नकोरेबाप्पा

मास्तर, म्हण आमच्या आजीची आहे, माझी नाही. पण आसनाचं पटलं. लग्नातल्या सूटमध्ये माझ्या वेस्टकोटाखालून शर्टाचं धोतर बाहेर यायचं ते का, ते आज कळलं.

आसनमास्तर

आजींना नमस्कार. तारीख चुकते कारण गिऱ्हाईक ट्रायलला येत नाही.

धोटा

कापडाबद्दल थोडं. मी इचलकरंजीचा, घरात माग होते. मार्सेला म्हणजे पीके जातीची वीण, आणि त्यातली भारी. यात ताणे (उभे धागे) दोन असतात. एक दर्शनी, दुसरा आतला आणि घट्ट ओढलेला. आतला ताणा दर्शनी कापडाला जागोजागी मागं खेचतो, मधला भाग फुगतो, म्हणून बारीक खवल्यांसारखी नक्षी उठते. ती छापलेली किंवा दाबलेली नसते. कापड अंगचंच जाड आणि कडक होतं, खळ छान धरतं. हे विणायला सुरुवात झाली ती इंग्लंडात लँकेशायरला, अठराव्या शतकाच्या शेवटी, फ्रान्समधल्या हातानं टाचलेल्या रजईच्या कामाची मागावर नक्कल म्हणून.

सावध एवढंच राहा की कापडगंजात किंवा मंगलदास मार्केटात जाऊन 'पीके द्या' म्हणालात तर दुकानदार पोलो टीशर्टचं होजिअरी कापड पुढ्यात टाकेल. नावात पीके असलं तरी ते विणकरी कापड नाही, गुंफलेलं आहे. ताणलं की लांबतं. त्याचं जाकीट दोन तासांत गुडघे आलेल्या पायजम्यासारखं होईल. 'मागावरचं, डॉबीतलं पांढरं सुती' असं सांगा (डॉबी म्हणजे विणतानाच बारीक नक्षी काढलेलं) आणि दोन्ही हातांनी ओढून बघा. हललं तर परत करा. आमच्याकडे डॉबी भरपूर होते, पण ती शर्टिंगच्या वजनाची. दुहेरी घेऊन चालवता येईल. अस्सल मार्सेला हवं तर तिकडूनच मीटरभर घेऊन या. बिनपाठीच्या जाकिटाला एक मीटर पुष्कळ झालं, पन्हा लहान असला तरी.

आणि कापायच्या आधी पाण्यात घाला! उकळतं पाणी, सावलीत वाळवण, मग इस्त्री. सुती कापड तीन टक्के जरी आटलं तरी 60 सेंटिमीटरच्या उंचीत पावणेदोन-दोन सेंटिमीटर गेले. तुमचा मास्तरांनी सांगितलेला अर्धा इंच त्यातच संपला.

पाऊणशे पावसाळे

मला त्या बॉलमधलं काही कळत नाही, पण पांढऱ्यातलं कळतं. पांढरा एक नसतो रे बाबा. जुना शर्ट दुधाळ झालेला असणार आणि नवीन कापड निळसर पांढरं चकचकीत. शेजारी शेजारी आले की शर्ट मळका दिसतो, धुतलेला असला तरी. कापड घेताना शर्ट बरोबर ने आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नकोस, बाहेर उन्हात ये. जुळत नसेल तर दोन्ही एकदम धुवायला टाक आणि अगदी टिपूसभर नीळ. जास्त झाली तर दवाखान्यातला कोट होतो.

खळीला साबुदाणा. आमच्या सुती साड्यांना तीच असायची. पातळ पेज गाळून घ्यायची, गुठळी राहिली की इस्त्रीखाली पिवळा डाग उठतो. कापड ओलसर असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री. सुलट्या बाजूनं दाबलीस तर ती खवल्यांची नक्षी चपटी होईल.

थेम्सकाठी

आजी, लंडनच्या लाँड्रीवाल्यांना पाठवतो तुमच्याकडे.

बखरबहाद्दर

थोडं अवांतर. वेस्टकोटाला जन्मतारीख आहे, असं भाग्य फार कमी कपड्यांना मिळतं. इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सनं ऑक्टोबर 1666 मध्ये दरबारात जाहीर केलं की आता मी अंगाबरोबर बसणारा 'वेस्ट' घालणार आणि ही फॅशन कधी बदलणार नाही. तेव्हाच्या लंडनकर सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत 8 ऑक्टोबरला त्याची नोंद आहे. त्याच काळातला दुसरा रोजनिशीकार जॉन एव्हलिननं त्या पोशाखाला इराणी धाटणीचा म्हटलंय. म्हणजे महाराज ऑगस्टमध्ये आग्र्याहून निसटले त्याच वर्षीची गोष्ट. आणि हाच चार्ल्स, ज्यानं आंदण मिळालेली मुंबई दोन वर्षांनी कंपनीला देऊन टाकली. तेव्हाचा वेस्ट गुडघ्यापर्यंत लांब होता. पुढच्या दीडशे वर्षांत तो आखडत आखडत कमरेवर आला.

वसईचा वारा

वाचतोय. आमच्याकडे ख्रिस्ती लग्नात नवरा आणि बेस्टमन थ्री-पीसमध्ये असतात, त्यामुळे वसईच्या टेलरांना वेस्टकोट नवीन नाही. पण पाठ नसलेला पहिल्यांदाच ऐकला. डिसेंबरात भावाच्या लग्नात मी बेस्टमन आहे, काळा टक्सिडो घालायचा ठरलाय. तिथं हे बिनपाठीचं चालेल का? उकाड्याला बरं पडेल.

दूरदेशी, तुमच्या मास्तरांना फोटो दाखवू नका. फोटोवरून शिवलं की फोटोसारखं होतं आणि अंगाला बसत नाही. जुनं एखादं जाकीट मिळालं तर हातात द्या.

उसवलेली टीप

मी शिवण शिकवते, म्हणून आतल्या कामाबद्दल लिहिते. आपल्याकडे आता सगळीकडे पेस्टिंग चालतं, म्हणजे इस्त्रीनं चिकटवायचं फ्यूजिंग. या कामाला ते नकोच. हे जाकीट उकळत्या पाण्यातून, खळीतून आणि कडक इस्त्रीतून जाणार. दोन धुण्यांत डिंक सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे दिसतात. आत सुती कॅनव्हास किंवा त्याच कापडाचा दुसरा थर घालून हातानं टाचून घ्या. अस्तर पांढऱ्या पॉपलिनचं, तेही आटवलेलं.

दुसरं, गळा. एवढा खोल गळा कापला की त्याची कड उरेबावर, म्हणजे कापडाच्या तिरक्या बाजूवर येते आणि ताणली जाते. मग उभं राहिल्यावर कड छातीपासून सुटून टोपलीसारखी उघडी पडते. कडेच्या आतून अरुंद सुती फीत लावायची, आणि लावताना किंचित ओढून. तेवढ्यानं कड छातीला बिलगते.

तिसरं, आतल्या बाजूला खाली मधोमध छोटी पट्टी आणि तिला काज. ती पँटच्या आतल्या बटणाला अडकवायची. नाचताना हात वर गेला की जाकीट वर सरकतं, ही पट्टी त्याला धरून ठेवते. वॉल्ट्झ करणार ना?

दूरदेशी

करणार, शिकतोय! इथं 'आलेस वाल्त्सर' (सगळे वॉल्ट्झला) असा पुकारा झाला की सगळी गर्दी एकदम फरशीवर उतरते. त्यासाठी ऑपेरातल्या खुर्च्या काढून रंगमंचाच्या पातळीला लाकडी फरशी घालतात. धक्काबुक्की लोकलसारखीच असते, फक्त सगळे अत्तर लावून.

सगळ्यांचे आभार. मास्तरांचा सल्ला मानून पँट गॅलिसवर चढवून पाहिली. बायको म्हणाली, आजोबा आले. पण कोट घातल्यावर पाय एकदम लांब दिसायला लागले, हे तिनंच सांगितलं. मार्सेला इथंच घेतलं, उन्हात शर्टाशी जुळवून. पुण्यात जाऊन आल्यावर लिहितो.

शुभंकरोती

मला प्रश्न पडलाय की हे सगळं कशासाठी? 2019 साली अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी नोबेल घ्यायला स्टॉकहोमला बंदगळा आणि धोतर घालून गेले, बरोबरच्या विजेत्या, त्यांच्या पत्नी एस्तेर डुफ्लो साडीत. तिथंही पुरुषांना टेलकोटच असतो. आपला पोशाख घालून दिमाखात जाता येत असताना दुसऱ्याच्या आजोबांचा कोट का मिरवायचा?

थेम्सकाठी

नोबेलच्या नियमांत राष्ट्रीय पोशाखाला मोकळीक आहे, म्हणून तिथं ते शोभलं. प्रत्येक ठिकाणी यजमानाचा नियम वेगळा, तिकिटाबरोबर काय लिहून आलंय ते बघायचं. आणि देवाणघेवाण दोन्हीकडून झाली आहे. टक्सिडोवर जो कमरपट्टा बांधतात तो हिंदुस्थानातल्या गोऱ्या अंमलदारांनी आपल्याकडून उचललाय.

शुभंकरोती

ते ठीक. तरी मी असते तर नवऱ्याला फेटा बांधून नेलं असतं.

दूरदेशी

पुण्याहून परत आलो. सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

मास्तरांनी कोट आधी टेबलावर पालथा घातला, आतून बाहेरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "हा हातानं शिवलेला आहे." मग मला घालायला लावला. मी पाठ नसल्याचं सांगितल्यावर टेप गळ्यात तसाच ठेवून विचारलं, "मागं काहीच नाही? मग हे राहणार कशावर?" मानेची पट्टी आणि कमरेचा पट्टा कागदावर काढून दाखवला. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे लहान मुलाचं लाळेरं." तिथून पुढे दुकानात त्याचं नाव तेच पडलं. पोरगा विचारायचा, लाळेऱ्याला काज किती?

मापं आसनमास्तरांनी सांगितली तशीच घेतली. पण एक गोष्ट मास्तरांनी स्वतःहून केली. मार्सेलाला कात्री लावायच्या आधी जुन्या चादरीच्या कापडाचं अख्खं लाळेरं कच्च्या शिलाईनं उभं केलं आणि त्यावर ट्रायल घेतली. बरं झालं. मानेची पट्टी लांब पडली होती, त्यामुळे दोन घोटाळे दिसले. पट्टी शर्टाच्या कॉलरवर चढून कोटाच्या बाहेर डोकावत होती, आणि छातीवर गळा सुटत होता. मी म्हटलं, गळा आवळा. मास्तर म्हणाले, गळ्याला हात लावायचा नाही, दुखणं मानेत आहे. पट्टीतून पाऊण इंच काढला, टाचणी लावली, आणि छातीवरची कड आपोआप बसली.

उंचीला मात्र वाद झाला. त्यांच्या डोळ्याला जाकीट आखूड वाटत होतं. "लोक म्हणतील कापड कमी पडलं." शेवटी कोट घालून आरशासमोर उभं राहिलो, त्यांनी खडूनं कोटाच्या टोकाची खूण चादरीवर केली, कोट काढला, खुणेवर अर्धा इंच मोजला आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत.

फ्यूजिंगवर पोरगा अडून बसला होता, हाताच्या टाचणीला वेळ लागतो म्हणून. मास्तरांनी ते काम स्वतःकडे घेतलं. शिलाई अडीच हजार सांगितली. मला कमी वाटली, मी जास्त दिले.

राहिली बटणं. शर्टाला आहेत तशी शिंपल्याची हवीत आणि धुताना काढता यायला हवीत, असं वाचलं होतं. ते कसं करतात?

थेम्सकाठी

बटणाच्या बाजूलाही काजासारखी बारीक भोकं करून घ्या, टाके घालून. मागे दांडी असलेलं बटण बाहेरून आत घालायचं आणि आतून दांडीत छोटी दुहेरी कडी अडकवायची, किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी, फक्त चिमुकली. खळ घालायच्या आधी कड्या काढल्या की बटणं सुटी. आणि सगळी बटणं लावा. शेवटचं बटण उघडं ठेवायची, सातव्या एडवर्डची म्हणून सांगतात ती रीत दिवसाच्या सूटला, रात्रीच्या पांढऱ्याला नाही.

आसनमास्तर

भोकं करताना मागे कापडाचा छोटा तुकडा घ्यायला सांगा, नाहीतर खळीचं कापड दांडीपाशी फाटतं. बाकी तुमच्या मास्तरांना माझा नमस्कार कळवा. मान आखूड केली, गळा नाही, हे सांगणारा कारागीर आता दुर्मीळ.

वसईचा वारा

माझा प्रश्न राहिला ना राव. बेस्टमन, काळा टक्सिडो, बिनपाठीचं चालेल का?

उसवलेली टीप

तुमच्याकडे लग्नात रात्री कोट अंगावर राहतो का शेवटपर्यंत?

वसईचा वारा

केक कापेपर्यंत. नंतर बँड सुरू झाला की सगळे कोट खुर्चीवर.

उसवलेली टीप

मग पूर्ण पाठीचं शिवा. पाठ काळ्या सॅटिनची, लेपलला कोटाच्या लेपलचंच कापड, गळा व्ही किंवा यू आकाराचा पण खोल, आणि मागे बक्कल. बिनपाठीचं घालून कोट काढलात तर मागून नुसतं घामेजलेलं शर्ट आणि दोन पट्ट्या दिसतील, आणि ते फोटो तुमच्या वहिनी आयुष्यभर दाखवतील. आणि पँटचं आसन आत्ताच मोजा, डिसेंबरात नाही.